मुंगूस परवडलं

खुर्ची आबांनी घरून आणली होती, एवढं मात्र त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. सकाळी मी पहार उचलली रे उचलली की कुंपणावरून आधी लाल प्लॅस्टिकची खुर्ची यायची, मग आबा.

काम साधं होतं. चार तलंगांसाठी, म्हणजे तरण्या कोंबड्यांसाठी, परसात खुराडं, तेही खिशाला झेपेल असं. आमच्या तासगाव भागात कुणी द्राक्षबाग मोडली की मांडवाचे अँगल भंगारात किलोवर मिळतात. चौकट त्यांचीच केली. वर जुना पत्रा, आत बसायला बांबू, खाली लाकडाचा भुसा. पैसे खाल्ले ते जाळीने. दुकानदार षटकोनी भोकांची स्वस्त जाळी पुढे सरकवत होता. त्या जाळीत कोंबडी आत राहते हे खरं, पण कुत्र्याने ठरवलं तर तोही आत येतो. म्हणून अर्धा इंची वेल्डमेश घेतली. तिचा फूटभर पदर बाहेरच्या अंगाला वळवून मातीत पुरायचा होता, कारण उकरणारं जनावर नेमकं भिंतीला चिकटूनच उकरतं.

"पाया कशाला रं?" आबांनी विचारलं. "मजला चढवायचाय काय वर?"

"मुंगूस येतं, आबा."

"मुंगूस काय सुरुंग लावतंय व्हय?" मग पाय लांब करून, "आमच्या आईनं हयातभर कोंबड्या पाळल्या. रातच्याला डालग्याखाली झाकायची, वर दगूड. खर्च शून्य."

"आणि मुंगूस?"

"न्यायचं की एखादी! त्येचा वाटाच असतुय त्यो."

या हिशोबावर काय बोलणार? मी गपगुमान जाळी कापत राहिलो. वेल्डमेशची कापलेली टोकं बोटात घुसतात, आणि रक्त आलं की आबा हळद सुचवतात. उठून पक्कड धरत नाहीत.

"आन मानमोडी आली म्हंजे? ती थांबती व्हय जाळीनं?"

नाही थांबत. त्याला लासोटाची लस, पिल्लू आठवड्याचं व्हायच्या आत डोळ्यात थेंब, पुढे पुन्हा डोस. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. राणीखेत हे खरं तर उत्तराखंडातलं चांगलं थंड हवेचं गाव, पाइनची झाडं, समोर हिमालय, आणि आपल्याकडे त्याचं नाव निघतं ते कोंबडीची मान वाकडी झाली की! तिथल्या हॉटेलवाल्यांनी कुणाकडे दाद मागायची? पण हे आबांना सांगितलं असतं तर त्यांनी चुलत्याची काशीयात्रा काढली असती. मी आवरतं घेतलं.

खरा जीव ओतला होता कडीत. नुसती कडी जनावर नाक लावून सरकवतं म्हणे, म्हणून आधी दाबायची, मग फिरवायची, मग उचलायची अशी बसवली. बायकोला उघडायला शिकवावी लागली.

नव्या कोंबड्या सुरुवातीचे काही दिवस आतच कोंडायच्या असतात. घर कुठलं ते त्यांच्या डोक्यात बसलं की संध्याकाळी आपणहून परततात. हे मी आबांना नीट समजावलं होतं. त्यांनी मानही हलवली होती. मी बँकेच्या कामाला सांगलीला गेलो, आणि आबांना त्यांची दया आली.

"जीव गुदमरत हुता त्यंचा. सोडल्या."

"कडी कशी उघडली?"

"दाबली, फिरवली, उचलली. त्यात काय!"

कुत्रा, बोका, मुंगूस, सगळ्यांचा बंदोबस्त मी केला होता. शेजाऱ्यासाठी कुठल्या गेजची जाळी येते? चारही तलंगा आता आबांच्या शेवग्यावर झोपतात. हुसकावून आणल्या तर सकाळी दार उघडताच कुंपण ओलांडून पलीकडे. माझं खुराडं असं मोकळं उभं आहे की परवा पाहुण्यांनी बाथरूम समजून पाण्याची बादली मागितली. आणि लोक म्हणतात, गावाकडे शेजार किती चांगला!

काल आबा कुंपणाशी आले. टोपीत तीन अंडी.

"गावठी हायती. बाजारात वीसला एक. तुला अठरा."

"आबा, कोंबड्या माझ्या आहेत."

"कोंबड्या तुझ्या, खरं कडबा माझा. घातली कुठं?"

भांडलो असतो, पण बायको आतून पातेलं घेऊन आली होती. साठ रुपये दिले. सहा परत यायला हवे होते. आबांकडे सुट्टे नव्हते. पुढच्या अंड्यात वळते करू म्हणाले.