वाशीकरांना उत्तर: पान सरळ दिसणं वेगळं, गुण्यात असणं वेगळं

नमस्कार वाशीकर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. स्कॅनरच्या वाकड्या सेन्सरवरच्या (म्हणजे पान टिपणाऱ्या पट्टीवरच्या) माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. छापलेला कागद स्कॅन करून पट्टी तपासा, वाकडी निघाली तर मशीन उघडून तिचे स्क्रू सैल करा, असं मी त्यात लिहिलं होतं. पहिला असा की डेस्क्यूचं, म्हणजे तिरकं पान आपोआप फिरवून देणारं बटण दाबलं की पान सरळ होतं, मग लोकांना मशीन उघडायला का लावता? दुसरा असा की तपासणीचा कागद ज्या प्रिंटरवर काढता, तो तरी सरळ छापतो कशावरून? दुसरा आक्षेप बिनचूक आहे, आणि माझ्या लेखात त्यावर दिलेला उपायच चुकलेला आहे. त्याकडे येतो. पहिला मात्र पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगायला हवं.

कागद आत जाताना तिरका गेला तर अख्खं पान फिरतं, पण कोपरे काटकोनातच राहतात. डेस्क्यू ते पान तेवढंच उलटं फिरवतो, काम झालं. सेन्सरची पट्टी कागदाच्या चालीला काटकोनात नसेल तेव्हा प्रकार वेगळा असतो. पट्टीचं एक टोक पुढे, दुसरं मागे. ती एका वेळी जी ओळ टिपते ती कागदावर तिरपी असते, फाइलमध्ये मात्र आडवी म्हणून बसते. परिणामी उभ्या रेषा उभ्याच राहतात आणि फक्त आडव्या कलतात. आयताचा समांतरभुज चौकोन होतो. तो कितीही फिरवला तरी आयत होत नाही. डेस्क्यू मजकुराच्या ओळी आडव्या करून देतो, पण तो कल डाव्या समासात जाऊन बसतो. सुतार चौकट ठोकल्यावर दोन्ही कर्णांना टेप लावतो तो यासाठीच. चौकट भिंतीला सरळ टेकली म्हणून गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतेच असं नाही.

ए-४ च्या २१० मिमी रुंदीत पट्टी १ मिमी कलली असेल तर कोन जेमतेम ०.२७ अंश. डोळ्याला कळत नाही. पण ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) तेच १२ पिक्सेल होतात, आणि पूर्ण पानाच्या चौकटीच्या दोन कर्णांत सुमारे १.६ मिमी फरक पडतो. तो साध्या स्टीलच्या पट्टीने मोजता येतो.

पत्रं, बिलं, आधारच्या प्रती यांना याने काही बिघडत नाही. तिथे तुमचं बटण पुरेसं आहे, खुशाल वापरा. माझं काम नकाशांचं आहे. ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडीकडच्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या की कपाटातून घडीवर फाटलेले अमोनिया प्रिंट (नकाशांच्या जुन्या पद्धतीच्या प्रती) बाहेर येतात आणि स्कॅनिंगला माझ्याकडे येतात. अशाच एका सोसायटीचा ए-१ आकाराचा नकाशा मी डेस्क्यू करून आर्किटेक्टकडे पाठवला होता. त्यांनी तो जागेवरच्या मोजणीवर ठेवला. खालची बाजू तंतोतंत जुळली. पण कुंपणाची उभी रेषा, कागदावर साधारण ६०० मिमी लांब, वर जाता जाता २ मिमी सरकलेली. नकाशा १:१०० चा, म्हणजे जागेवर २० सेमी. पुनर्विकासात कुंपणापासून सोडायच्या अंतरावरून किती वाद होतात ते तुम्हाला सांगायला नको. त्या रेषेवर मी किती वेळ पट्टी धरून बसलो होतो ते मला आजही आठवतं. म्हणून हा विषय मी सोडत नाही.

आता तुमचा दुसरा आक्षेप. प्रिंटरही तिरका छापतो, हे खरंच आहे. लेखात मी लिहिलं होतं की कागद १८० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करा, म्हणजे प्रिंटरचा दोष वेगळा पडेल. तो पडत नाही. समांतरभुज चौकोन अर्धा फेरा घेऊनही तसाच दिसतो. फिरवायला हवा ९० अंशांत, आणि त्यासाठी कागदच चौरस हवा. ए-४ मधून २०० × २०० मिमीचा तुकडा कापा आणि त्यावर १८० मिमीचा चौरस काढा, हाताने काढला तरी चालेल. एकदा सरळ आणि एकदा ९० अंशांत फिरवून स्कॅन करा. दोन्ही वेळा स्क्रीनवर डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या कर्णाच्या लांबीतून दुसऱ्या कर्णाची लांबी वजा करा, चिन्हासकट. कागदाचा दोष दुसऱ्या खेपेला उलट्या चिन्हाने येतो, स्कॅनरचा येत नाही. म्हणून दोन्हींची सरासरी म्हणजे स्कॅनरचा दोष. डेस्क्यू मात्र आधी बंद ठेवा.

हे दहा वेळा करा. दर खेपेला आकडा बदलत असेल तर सेन्सरला हात लावू नका, रोलर झिजलेत किंवा घाण धरून बसलेत. सेन्सरचा दोष दर पानाला तेवढाच असतो. दोन्ही बाजू एकदम टिपणारं मशीन असेल तर आणखी सोपं, कारण दोन बाजूंना दोन वेगळे सेन्सर असतात. एकाच बाजूचा चौरस कललेला दिसला की दोषी कोण ते कळलं.

मशीन उघडण्याबद्दल तुमचं म्हणणं ऐकतो. पट्टीचे स्क्रू सैल करा असं मी सरसकट लिहायला नको होतं. ते काम सर्व्हिस मॅन्युअल हातात असलेल्या माणसाचं. बऱ्याचदा त्याची गरजही पडत नाही. कल कायम असेल तर फाइलमध्येच प्रत्येक उभा स्तंभ आपल्या जागेप्रमाणे वरखाली सरकवायचा, वरच्या ए-४ च्या उदाहरणात दर १८ मिमीला साधारण एक पिक्सेल. गिंप या चित्रं सुधारायच्या सॉफ्टवेअरमधलं शिअर हेच करतं. पिक्सेलच्या मधल्या किमती काढणारा पर्याय निवडा, नाहीतर बारीक रेषांना पायऱ्या पडतात.

मोठ्या नकाशांच्या स्कॅनरमध्ये अनेकदा एकाऐवजी चारपाच सेन्सर ओळीत बसवलेले असतात. तिथे सरळ रेषेला दर नकाशात त्याच जागी दात पडत असेल तर तो दोन सेन्सरमधल्या सांध्याचा दोष आहे, आणि तो या शिअरने जाणार नाही. त्याला कंपनीने दिलेला कॅलिब्रेशनचा (मशीन जुळवायचा) कागद घालून मशीनच्या मेंटेनन्स मेनूमधून सांधे जुळवावे लागतात. मशीन मग त्या सेन्सरच्या ओळी काही ओळी आधी किंवा नंतर उचलतं.

१८० अंशांचा परिच्छेद आज रात्री बदलतो, आणि तुमच्या आक्षेपामुळे बदलला असं तिथेच लिहितो. तुमच्याकडच्या मशीनचे दहा आकडे काढलेत तर इथे खाली टाका. कल निघाला तर शिअरची किंमत काढून देतो.