दार नुसतं वाकतं: ‘द हॉन्टिंग’वरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार. १९६३च्या ‘द हॉन्टिंग’ या भयपटावरच्या लेखावर तुम्ही लिहिलंत की ११२ मिनिटांत भूत एकदाही दिसत नाही, पैसे नव्हते म्हणून दारं-भिंतींवरच्या ठोकाठोकीवर वेळ मारून नेलीय, रंग नसणं ही पळवाट आहे, आणि नायिकेचं मनातलं बोलणं सतत कानांवर आदळत राहतं. यातला शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. नायिका एलिनॉर एकटी गाडी चालवत हिल हाउस या झपाटलेल्या घराकडे निघते तेव्हा ते स्वगत हवंच. पण पुढे एलिनॉर झालेल्या जूली हॅरिसच्या चेहऱ्यावर जे स्वच्छ दिसतं, तेच तिचा आवाज पुन्हा सांगतो. तिथे ते कापायला हवं होतं.

पैशांचं मात्र तसं नाही. बजेट लहान होतं हे खरं. एमजीएमच्या ब्रिटिश स्टुडिओकडून सुमारे १०.५ लाख डॉलर मिळाले. पण न दाखवण्याची ही पद्धत दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांनी अडचणीपोटी उचललेली नाही. १९४४-४५मध्ये हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओत निर्माते व्हाल ल्यूटन यांच्या हाताखाली त्यांनी दिग्दर्शनाची सुरुवात केली आणि ही रीत ते तिथेच शिकले. ‘वेस्ट साइड स्टोरी’चं ऑस्कर हाती असताना ते मुद्दाम याच रीतीकडे परत आले.

आणि काही दाखवलं नाही म्हणजे कष्ट वाचले, असंही नाही. कलादिग्दर्शक एलियट स्कॉट यांच्या सेटवरच्या खोल्यांना छतं होती. छत घातलं की वरून दिवे टांगायची सोय जाते, कॅमेऱ्याच्या जागा कमी होतात. बदल्यात खोली माणसांच्या डोक्यावर उतरल्यासारखी वाटते. खोल्या बऱ्यापैकी उजेडातही आहेत. भूत लपेल असा अंधारा कोपरा जवळपास ठेवलेला नाही. तुम्ही कोपऱ्यात शोधत राहिलात आणि भिंत, आरसा, कोरीवकाम बघायचं राहून गेलं, असं मला वाटतं.

लेन्सचंही तसंच. भिंगं बनवणाऱ्या पॅनाव्हिजन कंपनीकडे तेव्हा ४० मिमीपेक्षा रुंद भिंग (आकडा लहान, तितकं दृश्य रुंद) वापरायला तयार नव्हतं. ३० मिमीचं घडत होतं, पण त्यात प्रतिमा वाकायची. वाइज यांनी दोष माहीत असल्याचं लेखी देऊन तेच घेतलं. कथेत ह्यू क्रेनने घर बांधताना एकही कोन काटकोनात ठेवलेला नाही, म्हणून दारं आपोआप मिटतात. चौकटीच्या कडेच्या उभ्या रेषा नीट बघा, त्या किंचित फुगतात. बाहेरून हिल हाउस म्हणून दिसणाऱ्या, इंग्लंडमधल्या वॉरिकशरच्या एटिंग्टन हॉलची काही दृश्यं इन्फ्रारेड (अवरक्त किरण टिपणाऱ्या) फिल्मवर घेतली. तिने आकाश काळवंडतं आणि दगडाचा पोत उठून येतो. हा परिणाम कृष्णधवलातच मिळतो, त्यामुळे रंग नसण्याला पळवाट म्हणणं मला पटत नाही.

आता ठोकाठोकी. ते आवाज आधीच ध्वनिमुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी सेटवर वाजवले जात. म्हणून नटांच्या नजरा अचूक जागी वळतात. नंतर आवाज चिकटवला असता तर ती वेळ साधणं अवघड होतं. एका प्रसंगात वाकणारं दार थरांच्या लाकडाचं होतं आणि मागून एक दणकट माणूस ते ढकलत होता. युक्ती एवढीच. पण दार फुटत नाही, फक्त श्वास घेतल्यासारखं आत येतं आणि मागे जातं. ते फुटलं असतं तर पलीकडे काहीतरी दाखवावं लागलं असतं, आणि ते जे काही असतं त्याला एक आकार, एक उंची मिळाली असती. भीती तिथेच मोजता आली असती.

‘मग सगळं एलिनॉरच्या डोक्यातच आहे का?’ असंही तुम्ही विचारलंत. पटकथाकार नेल्सन गिडिंग यांना आधी तसंच वाटलं होतं. मूळ लेखिका शर्ली जॅक्सन यांनी कादंबरी अलौकिकाचीच असल्याचं सांगितलं. चित्रपटात दोन्हींचे धागे राहिलेत: पहिल्या रात्रीची धडधड एलिनॉरच्या सोबत घरात राहणारी थिओही ऐकते, त्या वेळी बाहेर गेलेल्या त्यांच्या पुरुष सोबत्यांना मात्र काहीच ऐकू येत नाही. एकीचा भास म्हणावा तर दुसरी साक्षीदार आहे.

पुन्हा पाहणार असाल तर थोडी तयारी करा. चौकट २.३५:१ अशी पूर्ण रुंद हवी. चित्र झूम करून पडदा भरलात तर कडेला ठेवलेली माणसं आणि दारंच कापली जातात. टीव्हीचं ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. आवाजाचा ‘नाइट मोड’ तर आधी बंद करा, कारण तो बारीक कुजबुज वर ओढतो आणि धडाका खाली दाबतो. मग सगळं सारख्याच जोराने वाजतं आणि तुम्ही म्हणता तशी नुसती ठोकाठोकी उरते. फोनच्या स्पीकरवर खालचे सूर येतच नाहीत, तिथे हा चित्रपट पाहूच नका.

आणि हात धरल्याचा प्रसंग येईल तेव्हा भिंतीवरच्या नक्षीत चेहरा शोधताना एलिनॉरच्या आवाजाकडेही लक्ष असू द्या. ती थिओला हात जरा सैल धर म्हणते. दिवा लागतो तेव्हा थिओ खोलीच्या पलीकडे असते.