नग मोजा, बाकी समुद्र बघेल

ब्रेकवॉटरचं, म्हणजे बंदराला लाटांपासून आडोसा देणाऱ्या समुद्रातल्या भिंतीचं, काम तुम्हाला मिळालं असेल तर आधी अभिनंदन, आणि लगोलग पहिला सल्ला: ऑफिस बडोद्यातच ठेवा. आपल्या गावाला समुद्र नाही, ही केवढी सोय आहे! गायकवाड सरकारने ओख्याला बंदर उभारलं, पण कचेरी काही तिकडे हलवली नाही. आपल्या विश्वामित्रीला पूर येतो, मगरी येतात, पण लाट येत नाही. अलकापुरीत तिसऱ्या मजल्यावर एसी लावून बसलं की लाटेची उंची हा एक्सेलमधला एक कॉलम असतो, आणि कॉलम अजून कोणाच्या अंगावर आलेला नाही.

मी जन्मभर हेच काम केलं. आता दांडिया बाजारात वाड्याच्या ओट्यावर बसून भाच्या-पुतण्यांना फुकट सल्ले देतो. त्यात तुमचीही सोय होईल.

वस्तू तुम्ही पाहिलेली आहे. मुंबईला गेलात तेव्हा मरीन ड्राइव्हवर हिच्यावर चढून फोटो काढला होता, ती. टेट्रापॉड म्हणजे काँक्रीटचा सराटा. चार पाय, कसाही टाका, तीन खाली आणि एक वर. 1950 साली फ्रान्सात ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत तो जन्मला. पुढे साठच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत डोलॉस आला. त्याचं नाव शेळ्यामेंढ्यांच्या सांध्यातल्या हाडांवरून पडलं, ज्यांनी तिथली पोरं खेळत. म्हणजे आपले सागरगोटेच, फक्त एकेक कित्येक टनांचा. 1981 मध्ये फ्रेंचांनी अॅक्रोपोड काढला, तो एकाच थरात लावतात. एकच थर म्हटल्यावर चूक झाकायला वर दुसरा थर नाही, हे ऐकून नाउमेद होऊ नका. झाकायला पाणी असतंच.

आता हडसनचं सूत्र, म्हणजे कुठल्या लाटेला किती जड नग लागतो त्याचा हिशोब. कॉलेजात कलाभवनच्या वर्गात झोपला असाल तर थोडक्यात सांगतो. लाट दुप्पट उंच झाली की नगाचं वजन आठपट लागतं. आणि छेदात एक गुणांक बसतो, तो जितका मोठा तितका हलका नग चालतो. जुन्या अमेरिकन हँडबुकात फुटणाऱ्या लाटेसाठी खडबडीत दगडाला हा गुणांक 2 दिलाय आणि टेट्रापॉडला 7. हा वरचा 5 कशाचा? काँक्रीटचा नाही. एकाचा पाय दुसऱ्याच्या काखेत अडकतो, त्याचा. माणिकरावांच्या आखाड्यात पकड कशी असायची ते आमचे आजोबा सांगत, तीच पकड. डिझाइनवाल्याने ती आधीच गृहीत धरून नग हलका केलेला असतो. तेव्हा साइटवर तुम्ही ती नाही बसवलीत तर फार काही बिघडत नाही. फक्त महागड्या टेट्रापॉडचा दगड होतो, आणि तोही लागतो त्यापेक्षा हलका.

पण पकड मोजता येत नाही ना! बिल निघतं नगावर. मेजरमेंट बुकात ‘नग, 1’ असं लिहायची सोय आहे, ‘पकड, घट्ट’ असं लिहायचा रकानाच नाही. म्हणून दिवसाला किती बसले हा एकच प्रश्न विचारत जा. खालच्या थराचे तीन पाय उतारावर आणि चौथा वर, वरच्या थराचा एक पाय खाली त्यांच्यामध्ये, असल्या बारकाव्यात पडलात तर क्रेनवाला दिवसभर तो नग हवेत फिरवत बसेल आणि डिझेल तुमचं जाईल. टेकल्यासारखा वाटला की स्लिंग सोडा. डुलतोय? चालशे! (ज्याने हा गुजराती शब्द शोधला, त्याचा पुतळा प्रत्येक बंदरावर हवा.) अॅक्रोपोड असतील तर सगळे एकाच तोंडाने, परेडसारखे लावा. शेजारच्या नगाची ठेवण वेगळी असावी, असं पुस्तक म्हणतं, पण पुस्तकाला ड्रोनने फोटो काढायचा नसतो. साहेबांना ओळीतले आवडतात.

काम नगावर नसून मीटरवर घेतलं असेल, तर उलट करा: विरळ लावा. इथे लीला चिवडा लक्षात ठेवा. डबा काठोकाठ भरला, पण हलवून बसवला नाही, आणि बसने ओख्याला नेला, तर उतरताना तो पाऊणच दिसतो. कोणी खाल्लेला नसतो. चिवडा बसलेला असतो. विरळ आर्मरही, म्हणजे भिंतीवरचं हे नगांचं चिलखत, पहिल्या पावसाळ्यात तसाच खाली बसतो आणि वर, पाण्याच्या पातळीजवळ, जिथे लाट सगळ्यात जोरात आपटते, तिथे भगदाड पडतं. त्या फटीतून खालच्या थरातले दगड निसटतात. ते आर्मरच्या सुमारे एक दशांश वजनाचेच असतात. भगदाड दिसलं की घाबरून नग उकलू नका, दोन डंपर दगड ओता. लाटेबरोबर ते आत-बाहेर फिरतील आणि पिठाच्या गिरणीसारखे शेजारचे पाय झिजवतील, फोडतील. पण फोटोत फट दिसणार नाही.

पाण्याखालचं विचारूच नका. म्हणजे खरंच विचारू नका. खंबायतच्या आखातात भावनगरकडे भरती-ओहोटीत 10 मीटरच्या वर फरक पडतो आणि पाणी चहासारखं, तेही उकळून उकळून दाट झालेल्या. पाणबुड्याला पाणी थांबल्यावर थोडाच वेळ मिळतो, आणि त्या वेळात त्याला स्वतःचा हात दिसत नाही. तो हाताने चाचपून येतो आणि म्हणतो, ‘ठीक छे.’ त्याची सही घ्या. पायथ्याची रांग चुकली तर वरची प्रत्येक रांग चुकते, हे मला मान्य आहे, पण पायथ्यापर्यंत पोहोचणारा साहेब मी अजून पाहिलेला नाही.

पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्रात, 1916 पासूनची संस्था ती, लाटांच्या हौदात मॉडेल लावतात ते एकदा जरूर बघून या. बोटाएवढे नग माणूस उकिडवा बसून एकेक हाताने बसवतो, हलवून बघतो, परत काढून बसवतो. पाणी नितळ. तिथे ब्रेकवॉटर टिकतो. त्याचा अहवाल तुमच्या टेंडरला जोडलेला असतो, म्हणजे टिकण्याचा भाग उरकलाच की.

काँक्रीटबद्दल फार बोलत नाही. साचा लवकर सोडा, भेग खालच्या बाजूला ठेवा, काँक्रीटात मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं दिसली तर सिमेंटचा हात फिरवा. या नगांत बहुधा सळई नसते, म्हणून नग डुलला की तुटतो. पोर्तुगालमधल्या सिनेस बंदराला 42 टनांचे डोलॉस होते. नग थोराड केला की वजन घनाने वाढतं, काँक्रीटची ताण सोसायची ताकद मात्र होती तेवढीच राहते. फेब्रुवारी 1978 च्या वादळात ते जागच्या जागी डुलले, कमरेत मोडले आणि हजारोंनी गेले. ते तिथे. आपल्याकडे सगळं बसवून पक्कं असतं, रजिस्टरमध्ये.

रजिस्टरवरून आठवलं. प्रत्येक नगावर नंबर आणि ओतल्याची तारीख रंगवायला विसरू नका. एका बंदरावर (नाव कशाला?) जुलैत वादळ झालं. सकाळी साइटवरच्या पोराचा फोन आला की, काका, भिंतीच्या मागे रस्त्यावर एक पाय पडलाय. टेट्रापॉडचा. नंबर स्वच्छ वाचता येतोय. मी रजिस्टर काढायला सांगितलं. तो नग जागेवर होता, मोजलेला, सही झालेला, पैसे मिळालेले. मी काही बोलायच्या आत आमच्या बिलं करणाऱ्या कारकुनाने बडोद्याहून लाइनवर विचारलं:

“काका, तीन पाय अजून जागेवर असतील, तर पाऊण नग धरू का?”