फरशी सोडून बाकी सगळं

फरशीचा खर्च काढण्यात अवघड ते काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ॲरिझोनात घर घेऊन बघावं. लांबी गुणिले रुंदी गुणिले भाव, चौथीच्या पुस्तकातलं गणित. फिनिक्सजवळच्या आमच्या चँडलरच्या घरात बदलायची जागा १४०० चौरस फूट आणि दुकानात व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, फळीखालची चिठ्ठी म्हणत होती चौरस फुटाला २.७९ डॉलर. झाले ३९०६. मी तिथल्या तिथे नवऱ्याला म्हटलं, चार हजारांच्या आत बसतंय, उरलेल्यात सोफाही येईल.

मग माप घ्यायला माणूस आला. इथे माप घेणं फुकट असतं. फुकट फक्त तेवढंच. दारात बुटांवर निळ्या पिशव्या चढवून (सोलापूरहून आई व्हिडिओ कॉलवर होती, ती म्हणाली, "बूटच काढायला काय होतं गं त्याला?") हा गृहस्थ सरळ गॅरेजमध्ये शिरला. गॅरेजची फरशी आम्हाला बदलायची नव्हती. त्याला तिथल्या काँक्रीटवर उमटवलेला शिक्का वाचायचा होता. या स्लॅबच्या पोटात ताणलेल्या पोलादी केबल आहेत, कापू नका, भोकं पाडू नका. फिनिक्सच्या आसपास तळघर क्वचितच, घरं थेट जमिनीवरच्या स्लॅबवर बसलेली, आणि नव्या वस्त्यांतून अशा केबल पुष्कळ. त्यातली एखादी तुटली तर काय होतं ते त्याने हातवारे करून दाखवलं. जुनी टाइल जपून काढावी लागेल, हे मग आपोआपच आलं.

ही जुनी टाइल ८०० चौरस फूट, काढायला फुटाला ४ डॉलर. म्हणजे नवं विकत घेण्यापेक्षा जुनं फेकणं महाग! आणि हा झाला धूळ उडवत काढण्याचा भाव. धूळ नको असेल तर खेचून घेणारं मशीन येतं, त्याचे फुटाला २ डॉलर वेगळे. टाइलखालच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसांना वाईट, हे मान्य. पण ज्या शहरावर २०११च्या जुलैत हजारो फूट उंच धुळीची भिंत चालून आली होती, तिथे धूळ न येण्याचे पैसे मागायला धाडस लागतं.

मग त्याने एक लांब सरळ पट्टी जमिनीवर आडवी ठेवली आणि पालथा पडून तिच्याखालून उजेड बघायला लागला. दहा फुटांत तीन सोळांश इंचापेक्षा जास्त उंचसखल चालत नाही म्हणे. आमच्या किचनकडे उतार निघाला. तो लेव्हल करायला पातळ सिमेंटच्या गोण्या लागणार, गोणीमागे पैसे.

"उतार काढतायत?" आईला धक्काच बसला. "मग फरशी धुतल्यावर पाणी जाणार कुठून? मोरी कुठंय तुमची?"

मोरी नाही, आई. पाणी टाकून धुतच नाहीत इथे.

"मग शहाबादी टाका आणि पडून राहा," म्हणून तिने विषय संपवला. सोलापूरच्या मे महिन्यात शहाबादी फरशीवर पोटावर लोळून मोठी झालेली मी, मला तिचं शंभर टक्के पटलं होतं. पण त्या माणसाच्या टॅबलेटमध्ये शहाबादी नव्हती.

लाकूड होतं. लाकडी जमिनीचं माझ्या मनात फार होतं. पण जूनच्या दुपारी इथल्या हवेतली आर्द्रता दहा टक्क्यांच्याही खाली जाते. लाकूड सुकतं, आकसतं, फळ्यांमध्ये फटी पडतात. म्हणून फळ्या आणल्या आणल्या बसवायच्या नाहीत. भारतातून आलेल्या सासूसासऱ्यांसारखं त्यांना आधी काही दिवस हॉलमध्ये एसीत नुसतं पडू द्यायचं, हवा मानवू द्यायची. शिवाय नंतर जन्मभर ह्युमिडिफायर. आम्ही ओठांना तूप लावून दिवस काढायचे आणि जमिनीसाठी हवेत पाणी सोडायचं? लाकूड कटाप.

उरलं व्हिनाइल. पाण्याने काही म्हणता काही होत नाही, हे त्याने परत परत सांगितलं. वर्षाला सात-आठ इंच पाऊस पडणाऱ्या गावात! आमची भीती उन्हाची. २०२३ साली फिनिक्सने सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, किंवा त्याहून वरचे काढले, आणि आमचं मागचं काचेचं दार नेमकं पश्चिमेला. तिथे फळ्या तापून फुगतात आणि कडेला जागा सोडलेली नसेल तर मधोमध उठतात. हमी मात्र आजन्म. फक्त बारीक अक्षरात, उन्हाने झालेलं नुकसान वगळून. पुरापासून आम्ही पूर्ण सुरक्षित आहोत.

रंगावरून घरात दोन तट पडले. नवऱ्याला वाळूचा रंग हवा, धूळ दिसत नाही म्हणून. पण इथला विंचूही बरोबर त्याच रंगाचा. अतिनील टॉर्च मारला की हिरवट चमकतो, म्हणून जाणती माणसं रात्री पाय खाली टाकण्याआधी टॉर्च फिरवतात. मला अनवाणी चालायचं होतं. धूळ दिसू नये आणि विंचू दिसावा, असा रंग दाखवा, म्हटल्यावर तो माणूस पहिल्यांदाच गप्प झाला.

अंदाजपत्रक आलं ते १५ हजारांवर. त्यात फळ्या, दहा टक्के वाया जाणारा माल धरूनही, ४३००च्या. बाकी सगळं काढणं, उचलणं, टाकणं, बसवणं, भिंतीकडेच्या पट्ट्या आणि जिना. जिन्याला चौरस फूट लागू नाही, तो नगावर! १४ पायऱ्या, पायरीला ११० डॉलर. देवघर हलवायचे किती, यावर त्याने वजन विचारलं. देव आम्ही उचलू, म्हटलं.

शेवटी ठरलं ते असं. जुनी टाइल काढायची आणि तिथे टाइल बसवायची. लाकडासारखी दिसणारी. उन्हाला भीत नाही, विंचू लपत नाही, पायाला गार. भाव व्हिनाइलच्याही वर, पण तोवर आमच्यात घासाघीस करायचं त्राण उरलं नव्हतं. सही करायला पेन उचललं, तेवढ्यात त्याने बॅगेतून एक लांबलचक पट्टी काढली. टाइलच्या सांध्यांमध्ये भरायच्या मसाल्याचे रंग, एकाखाली एक, सगळेच्या सगळे वाळूचे. नवरा काही न बोलता टॉर्च आणायला वर गेला.