घरचं पोर, निव्वळ नफा

पूर्वी फुटबॉलच्या पाठीराख्याला दोन गोष्टी कळल्या तरी भागायचं. एक ऑफसाइड, आणि दुसरी म्हणजे रेफरी आपल्या विरुद्ध आहे. आता तिसरी आली आहे: घसारा. कॉमर्सला जायचं नाही म्हणून सायन्स घेतलेली आमच्यासारखी माणसं चाळिशीत रात्री दीड वाजता गोलरक्षकाऐवजी ताळेबंदाकडे डोळे लावून बसली आहेत.

मी मँचेस्टर युनायटेडचा. हे कौतुकाने सांगत नाही. रक्तदाब किती ते सांगावं तसं सांगतो. साऱ्या जगाचा जीव ३१ मार्चला टांगणीला लागतो, माझा ३० जूनला. कारण बहुतेक इंग्लिश क्लबांची हिशेबाची वही त्या दिवशी बंद होते. मे महिन्यात सामने संपतात, घरचे म्हणतात, सुटला एकदाचा. कुठला सुटतोय! खरा मोसम तर तेव्हा सुरू होतो.

२०२५-२६ च्या मोसमापर्यंतचा नियम साधा वाटतो. प्रीमियर लीगमधल्या क्लबाला तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नाही. त्यातलेही ९ कोटी मालकाने खिशातून भांडवल म्हणून घालायचे. याला पीएसआर म्हणतात. मर्यादा ओलांडली की दंड पैशाचा नाही, गुणांचा. एव्हर्टनचे नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा गुण कापले, फेब्रुवारीत अपिलात ते सहावर आले, आणि एप्रिलमध्ये पुढच्या हिशेबासाठी आणखी दोन गेले. म्हणजे अकाउंटंटने दोन सामने घालवले आणि एक बरोबरीत सोडवला, तेही बूट न घालता.

तर घसारा. खेळाडू विकत घेतला की त्याची किंमत त्या वर्षीच्या खर्चात एकरकमी पडत नाही, कराराच्या वर्षांवर वाटली जाते. २०२२ मध्ये आम्ही आयॅक्सकडून आंतोनी आणला, ढोबळ मानाने ८ कोटी पौंडांना, पाच वर्षांच्या करारावर. म्हणजे वर्षाला १.६ कोटी. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत उरते ३.२ कोटी. तेवढ्याला विकला तर ना नफा ना तोटा. गेला तो दोन कोटींच्या आसपास, स्पेनच्या बेटिसला. उरलेली रक्कम सरळ तोट्यात. डावा पाय सोडून दुसरा पाय त्याला आहे की नाही या वादात आम्ही तीन वर्षं घालवली. वहीत मात्र तो दर महिन्याला नेमाने १३ लाखांनी झिजत होता.

चेल्सीने यावर शक्कल काढली होती. करारच आठ-साडेआठ वर्षांचे करायचे, म्हणजे वर्षाचा हप्ता बारीक. गृहकर्जाचा ईएमआय परवडत नाही तर मुदत वाढवून घ्यावी, तसंच. डिसेंबर २०२३ मध्ये लीगने ठरवलं, करार हवा तेवढा करा, हिशेबात पाचच वर्षं धरू. एक पळवाट अजून उघडी आहे. दोन वर्षं उरली असताना नवा चार वर्षांचा करार दिला की उरलेली रक्कम नव्याने चार वर्षांवर पसरते, ३.२ कोटी शिल्लक असतील तर हप्ता १.६ वरून ०.८ वर येतो. एखाद्या सुमार बचावपटूला अचानक नवा करार मिळाला की पोरं समाजमाध्यमांवर शिव्या घालतात. मी घालत नाही. आधी कॅल्क्युलेटर काढतो, मग घालतो.

आता मुख्य दुखणं. जो पोरगा सहा-सात वर्षांचा असताना क्लबात आला, तिथेच वाढला, त्याची खरेदी किंमत वहीत किती? शून्य. झिजायला काही नाहीच. त्याला अडीच कोटींना विकला तर अडीचच्या अडीच कोटी नफा. इंग्रजीत त्याला शुद्ध नफा म्हणतात, साजूक तुपासारखा. वर गंमत अशी, की अकादमीवर केलेला खर्च पीएसआरच्या तोट्यातून वजा करायला परवानगी आहे. महिला संघ, समाजकार्य, बांधकाम, हेही वजा. उद्देश चांगला होता: क्लबांनी पोरं घडवावीत. झालं असं, की पोरगं वाढवायचा खर्च मोजायचा नाही आणि विकल्याचा पैसा पुरता मोजायचा. अशा हिशेबात कोणतं घर पोरं ठेवून घेईल?

स्कॉट मॅक्टॉमिने इवलासा असताना युनायटेडच्या छत्राखाली आला. ३० ऑगस्ट २०२४ ला नापोलीला गेला, साधारण अडीच कोटींना. त्या रात्री आईने माझा चेहरा बघून विचारलं, "कोण गेलं रे?"

"मॅक्टॉमिने."

"अगंबाई. वय काय होतं?"

"सत्तावीस."

"अरेरे," म्हणाली आणि देवाजवळचा दिवा जरा पुढे सरकवला. पुढच्या मे महिन्यात त्याने काल्यारीविरुद्ध हवेत आडवा होऊन गोल मारला, नापोली इटलीचं विजेतं झालं आणि सेरी आचा, म्हणजे तिथल्या लीगचा, सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. आम्ही त्याच मोसमात पंधरावे. आईला अजून वाटतं की तो गेला. तिचंच बरोबर असावं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात तर साटंलोटं चालतं. आपल्याकडे दोन घरांनी एकमेकांच्या मुली करून घ्यायच्या, म्हणजे हुंडा वाचतो. इथे दोन्ही घरांना हुंडा मिळतो! जून २०२४ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाने टिम इरोएग्बुनम एव्हर्टनला दिला आणि एव्हर्टनने लुइस डॉबिन व्हिलाला. दोघांच्या किमती ९० लाख पौंडांच्या आसपास, असं तेव्हा छापून आलं. आता बघा. विकलेल्याची वहीतली किंमत शून्य धरली तर त्याचे ९० लाख आजच्या आज नफ्यात. घेतलेल्याचे ९० लाख, करार पाच वर्षांचा धरला तर, वर्षाला फक्त १८. बँकेत एक पैसा हलला नाही तरी दोन्ही घरांच्या वहीत यंदा ७२ लाखांची बरकत. पुढची चार वर्षं ती अठरा-अठराने फेडायची असते, पण तेव्हा दुसरी पोरं वयात आलेली असतात. त्याच सुमारास न्यूकासलने इलियट अँडरसन विकला, अगदी गावातला पोरगा, साडेतीन कोटींना नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे. जुळवाजुळव करणाऱ्या एखाद्या काकूंना या धंद्यात घातलं असतं तर लीगचं भलं झालं असतं. त्यांनी निदान पत्रिका पाहिली असती.

आणि न विकलं तर? नॉटिंगहॅम फॉरेस्टने ब्रेनन जॉन्सनच्या बाबतीत तेच केलं. आठव्या वर्षी क्लबात आलेला पोरगा. ३० जून २०२३ च्या आत विकला असता तर हिशेब बसला असता. पण तेव्हा भाव कमी येत होता. कांदा रोखून धरावा तसा त्यांनी रोखला आणि १ सप्टेंबरला टॉटनहॅमला ४.७५ कोटींना दिला. भाव चांगला आला, पण तारीख हुकली. ६.१ कोटींच्या मर्यादेवर ३.४५ कोटी जास्त, चार गुण कापले. (त्यांची मर्यादा लहान, कारण तीनपैकी दोन वर्षं खालच्या लीगमधली होती आणि तिथे वर्षाला १.३ कोटीच धरतात.) लासलगावच्या कोणाही शेतकऱ्याने त्यांना सांगितलं असतं की रोखायचं ठीक, पण कर्जाच्या हप्त्याची तारीख बघून.

या जॉन्सनचा आमच्याशी संबंध काय? २१ मे २०२५, बिल्बाओ, युरोपा लीगची अंतिम लढत, आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. टॉटनहॅम १, युनायटेड ०. गोल, ब्रेनन जॉन्सन. दुसऱ्याच्या घरचा निव्वळ नफा आमच्या घरात येऊन फुटला. हरल्याचं दुःख पाच मिनिटं टिकलं. मग लक्षात आलं की जिंकलो असतो तर पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग आणि तिचे पैसे. आणि हाताने आपोआप अकादमीच्या पोरांची यादी उघडली.

आमच्या घरचा तोटा लहान नाही. २०२३-२४ मध्ये ११.३२ कोटी पौंड, म्हणजे तीन वर्षांचा कोटा एकाच वर्षात साफ. तरी गुण कापले नाहीत, ते त्या वजावटींच्या जोरावर. शिवाय २००५ मध्ये मालकांनी क्लब विकत घेताना काढलेलं कर्ज क्लबाच्याच डोक्यावर ठेवलेलं, त्याचं व्याज आहेच. मग काटकसर सुरू झाली. आधी अडीचशे नोकऱ्या, मग आणखी दोनशेपर्यंत जाणार असं जाहीर झालं, आणि कर्मचाऱ्यांचं फुकटचं दुपारचं जेवण बंद. आठ कोटींच्या आंतोनीने पाडलेलं भगदाड सूप-भाकरीत वाचवून बुजवायचं. आमच्याकडे गिझर चालू ठेवून झिरोचा दिवा बंद करतात, त्यातलाच प्रकार.

आणि तरी हा क्लब पोरांचाच. ऑक्टोबर १९३७ पासून आजवर युनायटेडचा एकही संघ अकादमीचा खेळाडू सोबत घेतल्याशिवाय मैदानावर गेलेला नाही. मे २०२२ मध्ये युवा चषकाची अंतिम लढत बघायला ओल्ड ट्रॅफर्डवर ६७ हजारांवर माणसं आली, पोरांचा सामना! त्यात गार्नाचो होता, मेनू होता. दोनच वर्षांनी एफए चषकाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीविरुद्ध या दोघांनीच एकेक गोल मारला, दोघंही एकोणीस वर्षांचे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गार्नाचो चेल्सीला, चार कोटी. त्याला माद्रिदहून २०२० मध्ये किरकोळ पैशांत आणलेला. ब्रेक्झिटचं दार बंद व्हायच्या जरा आधी. आता अठराच्या आतला परदेशी पोरगा इंग्लिश क्लबाला घेताच येत नाही, त्यामुळे तसा सौदाही पुन्हा नाही. राहिला कॉबी मेनू. नावच असं, की दर उन्हाळ्यात उडुपी हॉटेलातल्या पाटीसारखा त्याच्यापुढे नवा दर लिहिलेला असतो.

नव्या पोराचं पदार्पण पूर्वी किती गोड वाटायचं. ८७ वं मिनिट. चौथा पंच फलक वर धरतो, हिरव्या आकड्यात साठच्या पुढचा कुठलासा नंबर. पोरगं शर्टाच्या बाह्या तळहातापर्यंत ओढतं, शिनपॅड एवढुसे की लिमलेटच्या गोळीचा कागद मोज्याखाली सरकवलाय असं वाटावं, आत येताना गवताला हात लावून छातीवर काहीतरी करतं. कॅमेरा लगेच स्टँडमधल्या आईबापांवर. बाप रडतोय. मीही ओलावतो. पण हल्ली डोळे पुसता पुसता दुसऱ्या हाताने शोधत असतो, करार कधीपर्यंत? वहीतली किंमत शून्य ना? त्याने पहिला पास बरोबर दिला की दीड कोटी. एकाला चकवला की अडीच. असं मनात यायला लागल्यावर माणसाने आरशात बघू नये.

क्लबांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये मत टाकून ठरवलं आहे, की २०२६-२७ पासून पीएसआर जाणार आणि संघावरचा खर्च मिळकतीच्या ८५ टक्क्यांत बसवायचा. मला वाटलं सुटलो. मग बारीक अक्षरं वाचली. खेळाडू विकून झालेला नफा त्यातही मिळकतीच्या बाजूलाच धरायचा आहे.

म्हणून सध्या मी अठराखालच्या पोरांचे सामने बघतो. शनिवारी सकाळी तिकडे पावसात, आपल्याकडे दुपारी जेवणं आटपल्यावर. परवा मधल्या फळीतल्या एका काटकुळ्या पोराने तिघांना चकवून चेंडू वरच्या कोपऱ्यात मारला. शेजारी बसलेली आई म्हणाली, "छान खेळतोय गं बाई हा!"

"हळू बोल," म्हटलं, "कोणी ऐकेल."