खुलासा : फोटोतला पक्षी रानपिंगळा नाही

‘कंबर तलावाजवळ नामशेष रानपिंगळा सापडला’ असा फोटो सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. (रानपिंगळा म्हणजे जंगलात राहणारं एक छोटं घुबड.)

फोटो मोठा करून डोकं बघा. कपाळापासून मागेपर्यंत पांढरे ठिपके आहेत. म्हणजे हा आपला साधा पिंगळा, तिन्हीसांजेला चिंचेच्या ढोलीतून चिरचिरत बाहेर येणारा. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, छातीवर सलग तपकिरी पट्टा, आणि तो भरदिवसा शिकार करतो.

तो नामशेषही नाही. 1884 नंतर तब्बल 113 वर्षं त्याची खात्रीशीर नोंद नव्हती, हे खरं. पण नोव्हेंबर 1997 मध्ये तो आपल्याच राज्यात, शहाद्याजवळ, पुन्हा सापडला. पुढे मेळघाट, यावल आणि 2014 मध्ये तानसातही दिसला. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2018 मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ गटात आणलं. धोका मात्र टळलेला नाही. सागाची विरळ जंगलं तुटताहेत आणि त्याला राहायला तीच लागतात. सोलापूरच्या माळावर तसं जंगल नाही.

आणि कळकळीची विनंती, फोटो काढायला पिंगळ्याच्या ढोलीपाशी गर्दी करू नका. आत पिल्लं असू शकतात.