'आयडियल गॅस नावाची थाप' आणि टायरमधला नायट्रोजन

फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड तिसऱ्यांदा आलाय, यावेळी तर मामांनीच टाकलाय, त्यामुळे गप्प बसणं अवघड. मजकूर थोडक्यात असा: आयडियल गॅस (हिशोब सोपा व्हावा म्हणून मानलेला आदर्श वायू) जगात कुठेच सापडत नाही तरी पोरांना शिकवतात, खऱ्या वायूंना त्याचा नियम (दाब गुणिले जागा ही वायूचं प्रमाण गुणिले तापमान याच्या पटीत असते, हे सूत्र) लागूच होत नाही, शास्त्रज्ञांनी हे लपवून ठेवलंय, आणि म्हणूनच नायट्रोजन तापला तरी फुगत नाही पण साधी हवा फुगते आणि हायवेवर टायर फुटतो. तर एकेक घेऊ.

"कुठेच सापडत नाही." बरोबर आहे, नाहीच सापडत. रेणूंना आकारमान नाही आणि ते एकमेकांना ओढत नाहीत असं आपण धरून चालतो, आणि असा वायू कोणी बाटलीत भरून आणलेला नाही. पण मामा, जाडी नसलेली रेषा तरी कोणी पाहिलीय? तरी प्लॉटची मोजणी होतेच ना. असा वायू आहे की नाही हा प्रश्नच नाही, तो धरून हिशोब केला तर चूक किती येते हा आहे.

"खऱ्या वायूंना लागू होत नाही." इथे आकडेच बघा. शून्य अंश सेल्सिअस आणि एक अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला एक मोल (म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या) आयडियल गॅस २२.४१ लिटर जागा घेतो, खरा नायट्रोजन घेतो २२.४०, कार्बन डायऑक्साइड २२.२६. म्हणजे नायट्रोजनमध्ये फरक शंभरात एकसुद्धा नाही, त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी. कारण साध्या हवेत रेणू इतके लांब लांब असतात की दोघांमधलं अंतर त्यांच्या स्वतःच्या जाडीच्या आठ-नऊपट भरतं, कोणाला कोणाचं काही पडलेलंच नसतं.

दाब वाढवला की मात्र मजा येते. सीएनजीच्या टाकीत २०० बारला (एक बार म्हणजे साधारण एक अ‍ॅटमॉस्फिअर) मिथेन भरतात, तिथे आयडियल गॅसच्या सूत्राने हिशोब केला तर उत्तर चुकतं, प्रत्यक्षात पंधरा-वीस टक्के जास्त गॅस मावतो कारण रेणू एकमेकांना ओढून घेतात. आणि घरचा सिलिंडर घ्या, १४.२ किलो एलपीजी, आतली जागा ३३ लिटरच्या आसपास. सूत्रात टाकलं तर दाब २०० बारच्या आसपास जातो!! प्रत्यक्षात आत पाच-सात बार असतो, नाहीतर स्वयंपाकघरात कोणी पाऊल टाकलं नसतं. सूत्र इतकं सपशेल आपटलं यातूनच कळतं की आतला बहुतेक माल वायू नाहीचे, तो द्रव आहे, सिलिंडर हलवला की डुचमळतो तो हाच.

"लपवून ठेवलंय." कोणी लपवलंय? व्हॅन डर वाल्सने १८७३ मध्ये लायडनला याच विषयावर प्रबंध लिहिला, रेणूंचं आकारमान आणि ओढ धरून सूत्र दुरुस्त केलं, १९१० मध्ये त्याला नोबेल मिळालं. कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या पुस्तकांत ते समीकरण असतं. पुढे.

आता नायट्रोजन. पहिली गोष्ट म्हणजे साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, मग तो फुगत नसेल तर हवा तरी कशी फुगेल? टायरच्या दाबाला दोघंही आयडियल गॅससारखेच वागतात, हजारात एक-दोनचा फरक. नायट्रोजनचे फायदे आहेत, नाही असं नाही: तो कोरडा असतो, रबरातून ऑक्सिजनपेक्षा हळू झिरपतो, विमानांच्या टायरमध्येही तोच भरतात. कंप्रेसरच्या हवेबरोबर टायरमध्ये पाणी गेलं असेल तर त्याची वाफ दोन-तीन पीएसआय (टायरचा दाब मोजायचं एकक) जास्तीचे चढवू शकते, एवढं मान्य. पण "फुगत नाही" हे साफ खोटं.

मे महिन्यात पुण्याहून नाशिकला जाताना मी स्वतः बघितलंय. चारही टायरमध्ये नायट्रोजन, सकाळी घरून निघताना गेजवर ३३ पीएसआय. सिन्नरजवळ चहाला थांबलो, मुद्दाम गेज लावला, ३८. गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतो, म्हणून त्यात बाहेरचे साधारण १४ मिळवा, झाले ४७. या सूत्रात तापमान केल्विनमध्ये घेतात, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून; सकाळी २७ अंश म्हणजे ३०० केल्विन, टायर ३० अंशांनी तापला धरू, झाले ३३०, म्हणजे दहा टक्के वाढ. ४७ चे झाले ५१.७, त्यातून १४ वजा, ३७.७. ज्या सूत्राला फॉरवर्डवाला थाप म्हणतोय त्याचं उत्तर हे, आणि गेज ३८ दाखवत होता. अजून काय पाहिजे?

बाजूच्या पंक्चरवाल्याने ३८ बघितलं आणि म्हणाला साहेब जास्त झालीय, काढून ३३ करून देतो. मी नको म्हणलं. कारण हाच हिशोब उलटा केला तर तापलेल्या टायरमध्ये ३३ केलेली हवा दुसऱ्या दिवशी सकाळी गार झाल्यावर २९ च्याही खाली येते, आणि कमी हवेचा टायर रस्त्यावर जास्त दबतो, जास्त तापतो, मग फुटतो, नायट्रोजन असला तरी. मामा, प्रेशर सकाळी गाडी गार असताना चेक करा, आणि तो फॉरवर्ड आत्याच्या ग्रुपवर टाकला असेल तर तिथूनही डिलीट करा.